शनिवारची सुई

शलोमकाका देवाचं नाव घेत नसत. 'देव' हा शब्दसुद्धा त्यांच्या तोंडून मी मोजक्या वेळा ऐकला. ते 'त्याला' म्हणायचे, आणि म्हणताना हनुवटी जराशी वर करायचे, माळ्यावर कुणी ओळखीचं माणूस झोपलेलं असावं तशी. "त्याला ठाऊक हाय." एवढंच वाक्य. कुणी खोटं बोललं की हेच, कुणी खरं बोललं आणि लोकांना ते पटलं नाही की हेच. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, ही त्यांची बोलायची लकब आहे. नंतर मला त्या वाक्याची भीती वाटायला लागली. आणि आता, एवढ्या वर्षांनी, ते वाक्य आठवलं की भीती वाटते की बरं वाटतं, हे मला सांगता येत नाही.

नव्वदनंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांतली गोष्ट. मी मूळचा रोह्याचा. मुंबईला डॉक्टरकी शिकून मी पेणला रामवाडीत एक जुना दवाखाना चालवायला घेतला. आधीचे डॉक्टर म्हातारे झाले होते, मुलाकडे निघाले होते. त्यांनी मला दोन टेबलं, एक तपासायचं बाकडं, काचेचं कपाट आणि शलोमकाका दिले. "कंपाउंडर चांगला आहे," ते म्हणाले. "फक्त शनिवारी येणार नाही. त्यावर वाद घालू नका."

काका तेव्हा साठीच्या आत-बाहेर होते. उंच, थोडे पोक आलेले, पांढरा अर्धा सदरा, डोक्यावर काळी टोपी. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांचे वाडवडील रोह्यापलीकडच्या अष्टमीचे, घाण्यावर तेल काढणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. घाणा केव्हाच गेला, शनिवार मात्र काकांनी सोडला नाही. शुक्रवारी ऊन उतरायला लागलं की ते सुया उकळून ठेवत, कपाट पुसत, मला "येतो, डॉक्टर" म्हणत आणि निघत. त्यांची बायको सिप्पोराबाई वारली होती. मुलगा, बहीण, चुलत भावंडं, सगळी इस्रायलला गेली होती. पेणमध्ये त्यांच्या समाजाची बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरली होती. काका का गेले नाहीत, हे विचारलं की म्हणायचे, "जाईन की. घाई काय हाय?"

घाई हा शब्दच त्यांना मानवत नव्हता. रामवाडीतला एक म्हातारा दर आठवड्याला गुडघे दाखवायला यायचा आणि जाताना फळीवरची टॉनिकची बाटली धोतराच्या ओच्यात घालून न्यायचा. मी हे एकदा आरशात पाहिलं. म्हातारा गेल्यावर काकांना सांगितलं. ते म्हणाले, "व्हय. पावसाळ्यापासून नेतोय."

"मग तुम्ही बोलत का नाही?"

"मी बघितलं. त्यानंबी बघितलं." हनुवटी वर गेली. "दोघांनी बघितल्यावर तिसऱ्यानं ओरडायची काय गरज?"

पुढच्या आठवड्यात मी पाहिलं, बाटली फळीच्या अगदी कडेला ठेवलेली होती, म्हाताऱ्याला हात लांब करावा लागू नये म्हणून. मी वाट बघत होतो की एक दिवस तो शरमेल, बाटली परत आणून ठेवेल, काकांचे पाय धरेल. असं काही झालं नाही. म्हातारा शेवटपर्यंत बाटल्या नेत राहिला आणि एका थंडीत मेला. काका त्याच्या मयतीला जाऊन आले. मी म्हटलं, "काका, तुमच्या थांबण्याचा काय उपयोग झाला?" ते सुई उकळत होते. चिमट्यानं एक सुई काढून त्यांनी फडक्यावर ठेवली. मग म्हणाले, "त्याचे गुडघे मातर शेवटी शेवटी बरे व्हते." ते चेष्टा करत होते की खरंच बोलत होते, मला कळलं नाही.

आता मला मुख्य गोष्ट सांगायला हवी. ती सांगताना मी फार मध्ये येऊ नये असं वाटतं, पण माझ्यावाचून ती सांगता येत नाही.

दवाखाना घेऊन वर्ष होत आलं होतं. एके दिवशी मी एका बाईला गोळ्या लिहून दिल्या आणि काकांनी चिठ्ठी घेऊन आत येत हळूच विचारलं, "डॉक्टर, हे येवढं बरोबर हाय ना?" खोलीत चार पेशंट बसले होते. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. मी म्हणालो, "काका, औषधं देणं तुमचं काम, लिहिणं माझं. मला शिकवू नका." काकांनी मान हलवली आणि बाहेर गेले. गोळ्या बरोबरच होत्या. त्यामुळे मला वाटलं, माझं बोलणंही बरोबरच होतं.

त्यानंतर आठवड्याभरातच जोह्याची वनिता तिच्या मुलीला घेऊन आली. जोहे म्हणजे गणपतीच्या कारखान्यांचं गाव. वनिताचा नवरा हरी तिथल्या एका कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवायचा, ज्याला तिकडे आखणी म्हणतात. गणपती तीन आठवड्यांवर आले होते. घरात सासू, कारखान्यात रात्रंदिवस काम, वनिता स्वतःही मूर्तींना हात लावायला जायची. चार वर्षांची जयू तीन दिवस तापानं फणफणत होती, आणि वनिता चौथ्या दिवशी तिला घेऊन आली. ताप फार होता. पोर मान टाकत होती. मी म्हटलं, पनवेलला न्या. तिनं हात जोडले, "डॉक्टर, हितंच काय ता बघा." मी सात दिवस सकाळ-संध्याकाळ एक इंजेक्शन लिहून दिलं. वनिता रामवाडीत मावशीकडे राहिली आणि रोज दोनदा पोरीला खांद्यावर टाकून आणत राहिली. काका सुई द्यायचे. आठवड्यानं ताप उतरला. वनितानं आम्हाला दोघांना वाकून नमस्कार केला आणि ती जोह्याला परत गेली.

दिवाळीनंतर ती पुन्हा आली, या वेळी स्वतःच्या खोकल्यासाठी. जयू बरोबर होती. काकांनी नेहमीसारखं तिला मागून हाक मारली, "जयू, ये गो, गोळी देतो." पोरीनं वळून पाहिलं नाही. काकांनी पुन्हा हाक मारली. मग त्यांनी तिच्या डोक्यामागे पत्र्याचा ट्रे टेबलावर आपटला. मी दचकलो, वनिता दचकली. जयू खिडकीतून रस्त्यावरची गाय बघत राहिली.

"तापात कान गेलं तिचं," वनिता म्हणाली. रडली नाही. तिचं रडून झालं होतं.

ती गेल्यावर काकांनी जुन्या कागदांचा गठ्ठा काढला. दुपारभर ते शोधत होते. संध्याकाळी एक कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि औषधाच्या नावापुढच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"डॉक्टर, हे किती हाय?"

मी पाहिलं. "वीस."

"मी ऐंशी वाचलं."

मी कागद उजेडात धरला. माझं अक्षर. इंग्रजी दोनचा आकडा वर असा वळलेला होता आणि खाली त्याची शेपटी अशी फिरून आली होती की तो दोन होता म्हटलं तर दोन, आठ म्हटलं तर आठ. मी लिहिलं होतं, म्हणून मला तो दोन दिसत होता. ते औषध जास्त झालं तर कानांवर जातं, हे मला पाठ होतं. परीक्षेत आलं होतं.

"चार वर्सांच्या पोरीला येवढं कसं, हे मी इचारायला पायजे व्हतं," काका म्हणाले. "मनात आलंबी व्हतं."

का विचारलं नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मी बोलायला लागलो. मी सांगितलं की एवढ्या तापात मेंदूला सूज येते आणि त्यानंच कान जातात, पुष्कळदा जातात. तीन दिवस पोर घरात होती. औषधानं झालं असं कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. हे सगळं खरं होतं. आजही खरं आहे. काका ऐकत राहिले. शेवटी मी म्हणालो, "त्यांना काही सांगू नका."

काकांनी कागदाची घडी घातली. "आज नाय सांगत," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते प्रत्येक चिठ्ठी मोठ्यानं वाचायला लागले. पेशंटसमोर, आकडे सुटे करून, मराठीत. "दोन शून्य. वीस. बरोबर, डॉक्टर?" मी आतून "बरोबर" म्हटल्याशिवाय बाटलीला हात लावायचे नाहीत. लोक हसायचे. दवाखान्याची ही एक गंमत म्हणून रामवाडीत पोरं त्यांची नक्कल करायची. दिवसातून चाळीस वेळा मला "बरोबर" म्हणावं लागायचं.

आणि ते दर रविवारी जोह्याला जायला लागले. पेण स्टँडवरून सकाळची एस.टी. धरायची, हरीच्या घरच्या ओट्यावर बसायचं, जयूला अक्षरं शिकवायची. कारखान्यातली मातीची पूड जमिनीवर पसरून ते बोटानं 'ज' काढत आणि तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवून ते अक्षर उच्चारत. पोरीला त्यांच्या गळ्यातली थरथर कळायची. वर्षभरात ती त्यांना "को" म्हणायला लागली. एवढ्यावर काका सोमवारी सकाळभर खूश असत.

पुढच्या उन्हाळ्यात एका शनिवारी मी दवाखान्यात एकटा होतो. एका पोराला इंजेक्शन द्यायचं होतं. मी सुई भरली, वर धरली, आणि हात तसाच राहिला. सात दिवसांचा तो कोर्स बुधवारी सुरू झाला होता. मध्ये शनिवार आला होता. शुक्रवारची संध्याकाळची सुई काका निघण्याआधी देऊन गेले होते, पण शनिवारी ते नसतात. शनिवारी जयूला दोन्ही वेळा सुई मी दिली होती.

किती दिली होती? मला आठवेना. मी कागद पाहून भरली असेल तर माझा वीस मला वीसच दिसला असणार. पण मी कागद पाहिला होता का? की ट्रेमध्ये काकांनी काढून ठेवलेली बाटली बघून, कालच्याएवढी म्हणून भरली? बाटली इतक्या लवकर अर्धी कशी झाली, हे माझ्या लक्षात यायला नको होतं का? मी त्या दिवसाची वही काढली. माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'इंजे. दिले'. आकडा नव्हता.

सोमवारी काका आले. मी म्हटलं, "काका, शनिवारची सुई मी दिली होती."

"व्हय," ते म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासनं."

"मग बोलला का नाहीत? सगळं स्वतःवर घेऊन बसलात?"

काकांनी टोपी काढून खुंटीला लावली, तिच्याखालची कापडी गोल टोपी नीट केली. "तुम्हाला आठवायचं व्हतं," ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला. हे सात-आठ महिने ते माझ्याकडे बघत होते, मी "बरोबर, बरोबर" म्हणत होतो, आणि ते थांबले होते. टॉनिकच्या म्हाताऱ्यासाठी थांबले होते तसेच. कुणी आपल्याकडे असं शांतपणे बघत थांबलंय, ही गोष्ट शिव्यांपेक्षा जड असते. मी त्यांना तसं म्हणालोसुद्धा. ते म्हणाले, "मी कोन थांबनारा? थांबतो तो. त्याला आपलं समदं दिसतं, आनि सकाळी परत ऊन देतो. ह्याचा अर्थ मलाबी लागत नाय, डॉक्टर. लागला असता तर तुम्हाला सांगितला असता."

त्यांच्या वर्षात एक दिवस असा येतो, साधारण भाद्रपद-आश्विनात, त्याला ते दारफाळणीचा सण म्हणत. दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे घालायचे, दिवसभर पाणीसुद्धा प्यायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, वर्षभराच्या पापांची माफी मागायची. "पन एक गोम हाय," काका मला सांगायचे. "त्याचं जे काय आपन मोडलं, ते तो माफ करील. माणसाचं मोडलं असंल तर आधी माणसाकडं जावं लागतं. ते झाल्याबिगर त्याचं दार वाजवायचं नाय."

म्हणून त्या सणाच्या आदल्या आठवड्यात ते मला विचारायचे, "डॉक्टर, येता का जोह्याला?" पहिल्या वर्षी मी म्हटलं, साथ चालू आहे, दवाखाना सोडता येत नाही. दुसऱ्या वर्षी रोह्याला बहिणीच्या लग्नाची बोलणी होती. तिसऱ्या वर्षी डोलवीला पोलाद कंपनीचं मोठं काम चालू झालं होतं, कंत्राटदारांचे कामगार तपासणीला माझ्याकडे यायला लागले होते, नाव होत होतं. त्या वर्षी मी खरं बोललो. मी म्हटलं, "एकदा सांगितलं की परत घेता येत नाही, काका. आणि आपल्यालाच नक्की माहीत नाही, मग त्यांना काय सांगायचं?"

"जेवढं म्हाईत हाय तेवढं."

"तुम्ही एकटे जाऊन सांगा. तुमच्यापुरतं सांगा."

त्यांनी मान हलवली. "माझ्या पापात तुमचं नाव गुतलंय. ते मला सोडवता येत नाय. मी प्रयत्न करून बघितला."

"मग तुमच्या त्याला ठाऊकच आहे ना? मग आपण सांगून काय वेगळं होणार?"

"त्याला ठाऊक हाय म्हनून तर थांबता येतं," काका म्हणाले. "ठाऊक नसतं तर आजच्या आज जाऊन सांगावं लागलं असतं." त्या वेळी मला हे फार सुंदर वाटलं. मनावरचं ओझं एकदम उतरलं. आता वाटतं, आम्ही दोघं त्या वाक्याखाली आडोशाला बसलो होतो.

त्याच हिवाळ्यात ते मला अष्टमीला घेऊन गेले. त्यांची शेवटची चुलत बहीण इस्रायलला निघाली होती, म्हणून तिच्या घरी मलिदा केला होता. गोड पोहे, खोबरं, फळं एका मोठ्या ताटात रचून त्याभोवती दहा-बारा माणसं बसली होती, आणि मला एक अक्षर न कळणाऱ्या भाषेतली गाणी आमच्या रोह्याकडच्या चालींवर म्हणत होती. पुढे कुंडलिका नदीवर आम्ही दोघं थोडा वेळ उभे होतो. भरती होती. काका म्हणाले, "माझा बाप ह्या पान्यात पापं झटकायचा. नव्या वरसाला हितं यायचा, सदऱ्याचा पदर असा झाडायचा." त्यांनी सदऱ्याचं टोक धरून झाडून दाखवलं. "मी लहान व्हतो. मला वाटायचं, पापं पान्यातनं वाहून खालच्या गावाला जात असतील. मी इचारलं, बाबा, मग त्या गाववाल्यांचं काय?"

"मग काय म्हणाले ते?"

"माझ्या मुस्काटात मारली," काका म्हणाले, आणि हसले. मग हसू गेलं. "उत्तर नव्हतं त्यांच्याकडं."

चौथ्या वर्षी काकांच्या मुलाचं पत्र आलं. कागदपत्रं झाली होती, सण झाले की महिन्याभरात निघायचं होतं. त्या वर्षी सणाच्या आदल्या आठवड्यात मी वाट बघत होतो. काकांनी विचारलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. ते चिठ्ठ्या वाचत होते, मी "बरोबर" म्हणत होतो. बुधवारी दुपारी पेशंट संपले आणि ते वहाणा घालायला लागले. एवढ्या लवकर ते कधी जात नसत.

"कुठे निघालात?"

"जोह्याला."

"मी येतो," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आनंद झाल्यासारखं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. "चला," म्हणाले.

गणपती होऊन गेले होते, कारखान्यात नवरात्राच्या देवी होत्या. हरी एका देवीपुढे पाटावर बसून डोळा आखत होता. वनिता ओट्यावर तांदूळ निवडत होती. जयू, आता आठ वर्षांची, काकांना बघून धावत आली आणि तिनं त्यांचा हात धरला. काकांनी हरीला बाहेर बोलावलं, मग उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. काहीही न सजवता. आकडा काय होता, त्यांनी काय वाचलं, विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही. त्यांचं झाल्यावर मी माझं सांगितलं. अक्षराचं सांगितलं. शनिवारचं सांगितलं. काकांना पेशंटसमोर बोललो होतो तेही सांगितलं.

 हरीच्या हातात ब्रश तसाच होता आणि ब्रशावरचा काळा रंग सुकत होता. वनितानं सूप बाजूला ठेवलं.

"हे कवापासनं ठावं हाय तुमाला?"

"त्याच वरसाच्या दिवाळीपासनं," काका म्हणाले.

"म्हंजे चार वर्सं."

"व्हय."

ती उठली नाही, आवाज चढवला नाही. "माजी सासू मरेस्तवर म्हनत व्हती, तूच पोरीचं कान घालवलंस. तीन दिस घरात ठेवलंस, कामाला गेलीस. मरताना पन तेच म्हनाली. ह्यानंबी म्हटलंय." हरीनं मान खाली घातली. "मी बी तेच धरून चालले. रोज सकाळी उठले की आधी तेच. आनि काका, तुमी दर आयतवारी ह्या वट्यावर बसून माज्या हातचा च्या पीत व्हते."

काकांनी जयूचा हात सोडला. 

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "वनिताबाई, खरं सांगायचं तर नक्की कुणालाच माहीत नाही. कदाचित तापामुळेच..."

"आता ता नका सांगू, डॉक्टर," ती म्हणाली. "आता चार वर्सांनी परत माज्यावं नका आनू."

मी तसं म्हणत नव्हतो. पण दुसरं काय म्हणत होतो, तेही मला सांगता येईना. जयू प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. वनितानं तिला हाताला धरून आत नेलं आणि दार ओढून घेतलं.

परतीच्या एस.टी.त काका खिडकीशी बसले. हमरापूर मागे पडलं. मग म्हणाले, "मला वाटत व्हतं, मी थांबलोय. त्याच्यासारखा. तिच्या घरात काय चाललंय, हे मला म्हाईतच नव्हतं. मी इचारलंबी नाय. त्याला म्हाईत असतं म्हनून त्याला थांबायचा हक्क हाय." थोडं पुढे गेल्यावर ते पुन्हा म्हणाले, "मी लपलो व्हतो, डॉक्टर. थांबनं आनि लपनं वरनं सारखंच दिसत असंल काय?"

 ते माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे होते, आणि त्यांनी तो प्रश्न खरोखरच मला विचारला होता. त्या वर्षी दारफाळणीच्या दिवशी मी त्यांच्या घरावरून गेलो. दार बंद होतं. आत ते काय म्हणत असतील, त्यांना म्हणता येत असेल का, की माणसाचं माणसाकडं राहिलेलं असताना त्यांनी दार वाजवलंच नसेल, याचा विचार करत मी थोडा वेळ रस्त्यात उभा राहिलो आणि परत आलो.

सणानंतर ते दवाखान्यात आलेच नाहीत. निरोप आला, निघायची तयारी आहे. पण पेण स्टँडवर चहावाल्यानं मला सांगितलं की शलोमकाका रोज सकाळच्या जोह्याच्या गाडीला असतात. आयतवारीच नव्हे, शनिवार सोडून रोज. कुणी तरी सांगितलं, ते हरीच्या ओट्यावर जाऊन बसतात, तिथं त्यांच्याशी कुणी बोलत नाही, चहा नाही, पाणी नाही, पोरीला बाहेर सोडत नाहीत. ते दुपारच्या गाडीपर्यंत बसतात आणि परत येतात.

पुढचं आधीच सांगून टाकतो. ते गेले. मुलाकडे दोन वर्षं राहिले आणि तिकडेच वारले, हे मला रोह्याला अष्टमीच्या एका माणसाकडून कळलं. वनिता माझ्या दवाखान्यात पुन्हा कधी आली नाही. पेणच्या बाजारात दिसते. मान हलवते. मी पण हलवतो. जयू आता कारखान्यात आखणीला बसते, हात बापासारखाच आहे म्हणतात. माझे कंत्राटदार गेले नाहीत, नावाला काही झालं नाही. कुणी काही बोललंच नाही. तीच गोष्ट मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकते. मला शिक्षा झाली असती तर निदान हिशेब लागला असता असं वाटतं. आणि लगेच वाटतं, हेही मी स्वतःच्याच सोयीचं बोलतोय.

काका निघायच्या आदल्या आठवड्यात मी जोह्याच्या गाडीत बसलो. ठरवून बसलो, की आज आपण पण जाऊन त्या ओट्यावर बसायचं. गाडी जोह्यावरून पुढच्या गावाला जाते, जोह्याच्या थांब्यावर दोन-तीन मिनिटं उभी राहते. थांब्यावरून हरीचं घर समोर दिसतं. काका ओट्यावर बसले होते, हात गुडघ्यांवर, मान खाली. सकाळचं ऊन सरकत त्यांच्या अंगावर आलं होतं आणि ते जागचे हलले नव्हते. लोक उतरत होते. मी उठलो, बाकाच्या दांडीला धरलं.

तेवढ्यात दार उघडलं आणि वनिता बाहेर आली. हातात काही नव्हतं. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि काही तरी बोलली. थोडंसंच. गाडीचं इंजिन चालू होतं, मला ऐकू आलं नाही. काकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग ते हळूहळू उठून उभे राहिले, एका हातानं खांब धरून, आणि त्यांनी टोपी काढली. ती टोपी त्यांनी छातीशी धरली. वनिता अजून बोलत होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. ती त्यांना घालवून देत होती की आत बोलावत होती, हे मला त्या पाठीवरून काही केल्या कळेना.

कंडक्टरनं दोरी ओढली. मी उतरलो नाही.